भांग होता की होती

अंबाजी रिकाम्या हातानं आला, तेव्हाच नीराबाईनं ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

मुंबईहून भाऊ यायचा तो मोडक्या बिस्किटांचा डबा घेऊन. माझगावच्या कारखान्यात भट्टीतून काढताना जी बिस्किटं तुटत ती कामगारांना मिळत, आणि त्या तुकड्यांवर तिच्या नवऱ्याच्या, रावजी तांडेलाच्या घराची कोळीवाड्यातली इभ्रत उभी होती. चौलात अख्खी बिस्किटं खाणारी घरंही होती, पण ती आत बसून खात. रावजीकडे तुकडे का होईना, पडवीत बसवून मिळत. त्यामुळे अंबाजी यायचा असला की त्या रविवारी रावजीकडे काम निघणाऱ्या लोकांची संख्या वाढे.

"दादा, डबा?"

"डबा न्हाय नि काय न्हाय. पोरगा कुठं हाय?"

"मागं, खल्यात. जालं शिवतोय. च्या ठेवू?"

"च्या नको. आधी दार लाव."

नीराबाईनं दार लावलं नाही. कोळीवाड्यात दिवसाढवळ्या दार लावलं की 'काय झालं' म्हणून विचारायला माणसं जमतात. उघडं ठेवलं तर ती फक्त जाता-येता बघतात.

"लावलं समज नि बोल."

अंबाजीनं आवाज खाली आणला. रेवसला लाँचमधून उतरल्यापासून तो हे वाक्य मनात घोळवत आला होता.

"नीरे, तुजा पोरगा भांग पितो."

नीराबाई खाली बसली. चंदर तिचा एकुलता एक. वर्षापूर्वी अंबाजीनं स्वतःच्या शब्दावर त्याला बिस्किटात चिकटवला होता. सकाळच्या भोंग्याला आत जायचं, पत्र्याच्या डब्यांना झाकणं लावायची, संध्याकाळच्या भोंग्याला बाहेर यायचं. आता त्याला 'परमनंट' करायचं घाटत होतं. हा शब्द पहिल्यांदा नीराबाईनंच खाडीपलीकडे पोचवला, आणि त्या एका शब्दावर कोर्लईच्या धर्माजीनं आपली केसर देऊ केली. साखरपुडा दिवाळीनंतर झाला होता. लग्नाची तारीख धरायला धर्माजी आजच यायचा होता.

"चंदर? अरे, तो ताडीपन धड पीत न्हाय!"

"ताडीची गोष्ट येगली. ती घरची हाय. ही भांग! दारूबंदीचं राज हाय, मोरारजीची मुंबई... जाऊ दे. म्हैन्यातून दोनदा चार-चार दिस पडून असतो. साहेबासमोर कबूल केलंन त्यानं. माज्या देखत!"

नीराबाईला एकेक गोष्ट आठवू लागली. दर पंधरवड्याला पोरगा 'सुट्टी हाय' म्हणत येई. आला की उन्हं अंगावर येईस्तोवर झोपे. भूक दांडगी. जेवून झालं की माडाला टेकून खाडीकडे बघत बसे आणि विनाकारण हसे. भांग पिणारा माणूस हसत बसतो असं तिनं ऐकलं होतं. चंदर गेले चार दिवस हसतच होता.

"जल्ला मेला," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

अंबाजीला बहिणीपेक्षा स्वतःचं दुःख मोठं होतं. इतक्या वर्षांत त्याच्या नावावर एकही खाडा नव्हता. कारखान्यात गैरहजेरीला खाडा म्हणत, आणि कोळ्याच्या नावापुढे खाडा नसावा याचं तिथे सगळ्यांना नवल वाटे. बाप वारला तो नशिबानं शनिवारी दुपारी. अंबाजी रविवारी येऊन, अग्नी देऊन, सोमवारी भोंग्याला हजर होता. अशा माणसाला लेबर ऑफिसरसमोर, भाच्याच्या शेजारी, मान खाली घालून उभं राहावं लागलं होतं.

"साहेब देवमानूस," तो म्हणाला. "चार दिस घरी बसवलंन. म्हनाला, जामीनदारासमोर शपत घेऊ दे, भांग सोडतो म्हनून, मी परत घेतो नि कायमपन करतो. संध्याकालच्या लाँचनं त्याला घेऊन जातो मी."

"मग इवाय याच्या आत शपत घेऊन टाकू," नीराबाई डोळे पुसत उठली.

पण व्याही आले होते.

*

रावजी तांडेल धर्माजीला घेऊन खाडीवरून वर येत होता. दोघेही होडीवाले, त्यामुळे वाटभर बोलणं झालं ते फाटक्या जाळ्यांचं. मागून रावजीची बहीण सोनाबाई आणि तिच्याबरोबर केसर. सोनाबाई नवऱ्यामागे भावाच्या शेजारी राहत होती. चौलच्या बाजारात तिचा आणि केसरचा टोपला शेजारी शेजारी लागे. हे लग्न जमवलं धर्माजीनं असं धर्माजी समजत होता. प्रत्यक्षात ते सुकटीच्या वाट्यांवरून जमलं होतं. ठरलेल्या सासरी मुलीनं आधी पाऊल टाकू नये अशी रीत होती खरी, पण केसर टोपला ठेवायला आली होती आणि टोपल्याला रीत नसते.

धर्माजी पडवीत बसला. त्यानं अंबाजीला रामराम केला आणि मग घरात इकडेतिकडे पाहिलं. डबा दिसत नव्हता. त्यानं कोनाड्यात पाहिलं.

"डबा शोधताव काय?" अंबाजी म्हणाला. त्याच्यानं राहवेना. खोटं बोलण्याचा सराव त्याला कारखान्यात पडला नव्हता. तिथे तशी गरजच लागत नसे. "इवाय, तुमी पोरगी देनार. तुमाला अंधारात ठेवनं बरं न्हाय."

"दादा!" नीराबाई ओरडली.

"चंदरला बोलवा," अंबाजी म्हणाला.

चंदर जाळ्याची सुई कानावर ठेवून आला. बाविशीचा, उंच, अंगानं बरा. सगळे बसले आहेत, आई रडते आहे आणि मामा उभा आहे, हे पाहून त्याला वाटलं कोणीतरी गेलं.

"कोन?" त्यानं हळूच विचारलं.

"तूच," अंबाजी म्हणाला. "आयेच्या पायावर हात ठेव नि सांग, आजपासून भांग सोडली."

चंदर गोंधळला. त्याच्या लेखी सगळं सुरळीत चाललं होतं. साहेबानं विचारलं, त्यानं खरं ते सांगितलं, आणि साहेबानं तिथल्या तिथे 'चार दिवस घरी बस' म्हणून सांगितलं. मुंबईत इतका समजूतदार माणूस त्याला पहिल्यांदा भेटला होता. सोमवारी परत गेल्यावर साहेबासाठी ताजी कोळंबी न्यावी, असं त्यानं ठरवलंही होतं.

"मामा, भांग कसा सोडायचा? तो काय आपल्या हातात हाय?"

"ऐका!" अंबाजी म्हणाला.

"चंदर, बाला, मन घट्ट केलंस की सगलं सुटतं," नीराबाईनं हुंदका दिला.

"पन कशासाठी सोडू? बाबा सोडतात का?"

सगळ्यांनी रावजीकडे पाहिलं. रावजी तांडेलाला आयुष्यात बरेच आरोप सहन करावे लागले होते, पण हा नवा होता.

"मी?"

"म्हंजे काय! जल्मभर सोडला न्हाय तुमी. आजा तर भांगातच गेला. धर्माजीबाबापन पालतात."

धर्माजीनं कोनाड्यावरची नजर काढली. पोरगी द्यायला आलेल्या माणसाला पडवीत बसवून, बिस्किट न देता, गांजेकस ठरवावं, हे त्याच्या घराण्यात कधी घडलं नव्हतं. तो उठला.

"केसर, टोपला उचल."

केसर आतल्या दारात उभी होती. तिनं टोपला उचलला नाही. ती चंदरकडे पाहत होती. तो खोटं बोलत नव्हता एवढं तिला दिसत होतं. काय बोलत होता ते मात्र कळत नव्हतं.

"परमनंट नको करूस मला, मामा," चंदर कळवळून म्हणाला. "पगार कमी दे. झाकनं दुप्पट लावीन. पन भांग सोडायला सांगू नको. तेवडाच तर हाय मला."

*

सोनाबाईनं आयुष्य बाजारात काढलं होतं. समोरचा काय बोलतो यापेक्षा त्यानं शब्द कोणता वापरला, याकडे तिचं लक्ष असे, कारण भाव त्यात असतो. मघापासून तिच्या कानाला काहीतरी टोचत होतं.

"अंबाजीदादा, साहेबाची नि याची बोलाचाल झाली, तेवा तू होतास ना? जशीच्या तशी सांग."

"काय सांगू! लाज वाटते."

"लाज मागनं वाटू दे."

अंबाजी ताठ उभा राहिला. साहेबाचं बोलणं सांगताना तो नेहमीच ताठ उभा राही.

"साहेबानं इचारलं, 'चंदर, तू महिन्यातून दोन वेळा न सांगता कुठे जातोस?' तर हा म्हनतो, 'साहेब, भांग होता.' साहेब म्हनाला, 'होता नव्हे. होती. भांग स्त्रीलिंगी आहे.'"

लेबर ऑफिसर पुण्याचा होता, आणि माणसाच्या अपराधापेक्षा त्याचं व्याकरण त्याला आधी दिसे.

"मग?"

"मग इचारलंन, 'किती दिवस चालते?' हा म्हनतो, 'अष्टमीच्या आगंमागं तीन-चार दिस.' 'घरी ठाऊक आहे?' 'घरी सगल्यांनाच असतो, साहेब. आख्ख्या कोलीवाड्याला असतो.' 'बायकांनासुद्धा?' 'बायकांना कुटला भांग, साहेब? त्या तेवापन कामच करतात.' मग माज्याकडे बोट दाकवून साहेब म्हनाला, 'आणि तुझ्या मामाला?' तर हा काय बोलला असंल? 'मामाला आदी असायचा. मुंबईत आल्यापासून सुटला.' सगल्या हापिसानं माज्याकडे बघितलं! शेवटी साहेब म्हनाला, 'हे बंद करता येणार नाही का?' हा म्हनतो, 'ते चांदावर हाय, साहेब.' तेवा साहेबानं घंटा वाजवली."

मग धर्माजीच्या पोटातून एक आवाज आला. त्यानं तो दाबायचा प्रयत्न केला. रावजीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नीराबाई रडता रडता थांबली, तिनं चंदरकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि पदर तोंडाला लावलेला होता तोच तिनं आता दुसऱ्या कामासाठी आत कोंबला.

"काय झालं?" अंबाजी म्हणाला. "हसायला काय झालं?"

"होता की होती?" सोनाबाई म्हणाली. "दादा, होता रे तो! साहेबानं होती केली."

अंबाजीला अजूनही कळलं नव्हतं.

"अरे, भांग!" रावजीला बोलवत नव्हतं. "उधान नि भांग! आज काय हाय? अष्टमी! होड्या बग कुटं हायत सगल्या!"

अंबाजीनं दाराबाहेर पाहिलं. होड्या काठाला होत्या. डोल जाळी बांबूंवर वाळत पडली होती. बाप्ये माडाखाली पत्ते कुटत होते. अमावास्या-पुनवेच्या उधाणात पाण्याला ओढ असते तेव्हा जाळी मासळीनं भरतात, आणि रात्रंदिवस कोणाला मान वर करायला सवड नसते. अष्टमीला ओढ मरते, जाळी लोळागोळा होतात, आणि समुद्रच सगळ्यांना घरी बसवतो. त्या दिवसांना भांग म्हणतात, हे कोळ्याच्या पोराला कोणी शिकवत नाही. ते त्याला पोहण्याआधी येतं.

"कोल्याच्या पोटी जल्मून भांग इसरलास, दादा?" नीराबाई म्हणाली. ती हसत होती, पण वाक्य बाहेर पडल्यावर तिला वाटलं, बोलायला नको होतं.

अंबाजी खाली बसला. एके काळी भांगात तो बापाच्या उलथ्या होडीच्या सावलीत झोपायचा. डांबराचा वास अंगाला लागायचा आणि उठवायला कोणी यायचं नाही. हे सगळं त्याला आता आठवलं. कारखान्यात 'भांग' कानावर आली तेव्हा मात्र त्याला महाशिवरात्र आठवली होती. भाच्याच्या शेजारी उभं राहून त्यानं साहेबाला हात जोडले होते आणि 'आमच्या घराण्यात ही घाण नव्हती, साहेब' असं सांगितलं होतं.

"एवडंच ना?" तो थोड्या वेळानं म्हणाला. आवाज त्यानं पुन्हा कारखान्याचा काढला. "मग झालं. उद्या साहेबाला समजावतो. दोन भांगा हायत, एक बाई, एक बुवा. पोराची जागा शाबूत. उद्यापास्नं परमनंट."

"देवा, खंडेराया!" नीराबाईनं हात जोडले.

धर्माजी परत बसला. "मग धरा तारीख."

*

चंदरला वाटलं, गांजेकस ठरलो असतो तर बरं झालं असतं.

"मला नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"परमनंट."

लग्न नको म्हणाला असता तरी पडवी इतकी हादरली नसती.

"मामा, तुजा मान हाय, म्हनून वरसभर झाकनं लावली. झाकन लावायला माजी ना न्हाय. पन तिथं रोज उधानच हाय. आज उधान, उद्या उधान, परवा उधान. मुंबईला भांगच न्हाय. दर्यासुदीक पंधरा दिसांनी मानसाला सोडतो. कारखाना दर्यापेक्षा मोटा काय?"

"रविवार हाय की!"

"रविवार कंचा भांग? रविवारी कपडे धुवायचे नि सोमवारची भीती धरायची. नि परमनंट म्हंजे काय, तर म्हातारा होईस्तोवर. मी इचारलं हापिसात. म्हनाले, अठ्ठावनपर्यंत. मला बाविसावं हाय, मामा."

रावजीला हे बोलणं मनापासून पटलं. तसं त्यानं दाखवलं नाही, पण बायकोच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"तुमी मान हलवू नका," नीराबाई म्हणाली. "बाप्यांना भांग गोड लागतो. भांगात तुमी पत्ते खेलता, आमी मासली खारवतो, पानी भरतो, सुकं घेऊन बाजारात बसतो. आमचा भांग कवा यायचा?"

"बराबर बोलली वैनी," सोनाबाई म्हणाली. "तरी पन पोराचं खोटं न्हाय."

"सोनाबाय, तू कुनाच्या बाजूची?"

"जो खरं बोलंल त्याच्या. आज पाली-पालीनं सगलेच खरं बोलतायत."

धर्माजीनं घसा साफ केला. तो व्यवहारी माणूस होता आणि त्याला कविता कळत नसे.

"रावजीशेट, मी पोरगी परमनंटला दिली. आता परमनंट न्हाय, तर मग काय? होडीवर येनार काय हा? तसं असंल तर मला चालंल. तांडेलाचा पोरगा तांडेल. भांगात बसंना का, आमीपन बसतो. उधानात होडीवर हवा."

साधा प्रश्न होता. उत्तर 'व्हय' एवढंच होतं. पण रावजी खोकू लागला, नीराबाई चहाचं बघायला उठली, आणि चंदर कानावरची सुई काढून तिच्याकडे पाहत बसला.

"काय झालं?" धर्माजी म्हणाला.

रावजीच्या घराण्यात एकच गुपित होतं, आणि ते चार भिंतींत राहावं म्हणूनच तर चंदरला मुंबईला धाडला होता. 'पोरगा हुशार हाय, होडीवर काय ठेवायचा' असं गावाला सांगितलं होतं. गावानं विश्वास ठेवला होता, कारण चंदर चौथी पास होता.

"तो ओकतो," केसर आतून म्हणाली.

"कोन ओकतो?"

"हा. होडीत. गेल्या साली बापलेक होडीनं कोर्लईला आले, तेवा आमच्या बंदराला लागेस्तोवर ओकत होता. मी काठावर होते. लिंबू मीच दिलं."

धर्माजीनं रावजीकडे पाहिलं. भांग पिणारा जावई चालवून घेता येतो. मारून मुटकून सुधारतो. पण होडीत ओकणारा कोळी! खाडीच्या दोन्ही काठांवर पिढ्यान्‌पिढ्या असं ऐकिवात नव्हतं.

"तांडेल, तुमच्या पोराला होडी लागते?"

"न्हाय, न्हाय!" रावजी घाईघाईनं म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादी गोष्ट इतकी चटकन सुचली. "तेवा... तेवा तो भांग पिऊन होता!"

"बाबा!"

"पितो तो! अंबाजी बराबर बोलला! साहेब काय खुला हाय? होतीच ती! होती!"

"दाजी, आता तर म्हनालात होता म्हनून!" अंबाजी उठून उभा राहिला.

"दोन्ही, दोन्ही! होतापन नि होतीपन!"

"तांडेल, बसा," सोनाबाई म्हणाली. "कोली नको तर नको, पन गांजेकस नका करू पोराला."

मग सगळे एकदम बोलू लागले. त्यात नीराबाईचा आवाज होता की देवीनं दिलेलं तोंड नि देवीनं दिलेलं पोट, लाँचमध्येपन लिंबूच चोखत येतो, त्यात पोराची काय चूक. अंबाजीचा होता की म्हणूनच म्हणतो, बिस्किटं हलत नाहीत. आणि धर्माजीचा होता की हे त्याला साखरपुड्याआधी कळायला पाहिजे होतं. बाहेर पत्ते थांबले होते. दार उघडं ठेवल्याचा नीराबाईला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

केसर या सगळ्यातून चालत मागच्या खळ्यात गेली आणि चंदर शिवत होता ते जाळं ओढत पडवीत घेऊन आली. जड होतं. तिनं ते बापाच्या पायाशी टाकलं.

"बाबा, बगा."

धर्माजीनं रागारागानं बघितलं. मग राग विसरून बघितलं. एक बाजू धरून ताणली, दुसरी ताणली. शिवल्याचं ठिकाण बोटांना सापडेना.

"कंची फाटलेली?"

"सगली," चंदर म्हणाला. "कान्हाशेटची हाय. खडकाला लागलेली."

"कान्हाची? तिला तो जालनार होता!"

"मला दिली. भांगात बसल्या बसल्या..."

"हे तू भांगात बसतोस तेवा करतोस?"

"मग नुसतं काय बसायचं?"

धर्माजीनं जाळं मांडीवर घेतलं. त्याच्या घरच्या दोन्ही डोली, म्हणजे डोल जाळी, फाटक्या होत्या. त्या शिवायला थळाहून माणूस आणावा लागे. तो आला की चार दिवस जेवे, दोन दिवस शिवे आणि उधाणात त्याच्या गाठी सुटत. खाडीच्या दोन्ही काठांना अशा डोली पन्नास असतील.

"बाबा," केसर म्हणाली, "मला माजगावच्या खोलीत नकोच होतं. तिथं टोपला कुटं लावू? चौलात माजी गिऱ्हाइकं हायत."

"तू कवा ठरवलंस हे?"

"लिंबू दिलं तेवा."

चंदरनं तिच्याकडे पाहिलं. ती जाळ्याकडे पाहत होती.

यानंतर जे बोलणं झालं ते भराभर झालं, कारण ते आता दोन होडीवाल्यांचं होतं. चंदर होडीवर जाणार नाही. चंदर बिस्किटात जाणार नाही. दोन्ही काठांची जाळी चंदर शिवणार. रावजीची आणि धर्माजीची आधी. अंबाजीनं उद्या साहेबाला समजावून सांगायचं, नाव साफ करायचं, आणि जागा सोडायची. "मस्टरवर भांग लागलेला नवरा मला नको," असं केसरनं बजावलं होतं.

"सांगतो," अंबाजी म्हणाला. "पन चांदाचं नाव काडत न्हाय. मलापन घरी बसवतील."

"बस की चार दिस," नीराबाई म्हणाली.

अंबाजी दाराबाहेर होड्यांकडे पाहत राहिला.

सगळ्यात खूश चंदर होता. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. भोंगा नाही, झाकणं नाहीत, होडी नाही. जाळी शिवायची आणि उरलेला वेळ... इथे तो अडखळला.

"पन जाली काठावर कवा येतात?" त्यानं विचारलं.

"कवा म्हंजे?" धर्माजी म्हणाला. "उधानात पान्यात असतात. शिवायला कोन देनार? भांगात येतात. भांगातच शिवायची सगली. दोन्ही काठांची. चार दिसांत."

"म्हंजे भांगात मी..."

"भांगात तुला मान वर करायला फुरसत न्हाय मिलायची," धर्माजी समाधानानं म्हणाला. "उधानात झोप हवा तेवडा."

उधाणात सगळा गाव पाण्यावर असतो, बायका बाजारात असतात आणि माडाखाली पत्त्याला चौथाच काय, दुसराही भिडू मिळत नाही. हे चंदरच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. रावजीनं ते पाहिलं आणि चटकन दुसरीकडे तोंड फिरवलं.

"शिवनार ना?" केसरनं विचारलं.

चंदरनं सुई परत कानावर ठेवली. "शिवीन," तो म्हणाला.

"मग तारीख," सोनाबाई म्हणाली. "लगीन भांगातच धरायला लागंल. उधानात वऱ्हाडाला मानूस मिलनार न्हाय."

त्यावर दुमत नव्हतं. होळीनंतरचा भांग ठरला. मुहूर्त काय तो भटजींनी त्यात बसवावा.

"होलीच्या उधानात माज्या दोन्ही डोली फाटनार," धर्माजी जाळ्यावरून हात फिरवत म्हणाला. "त्याच भांगात शिवून हव्यात."

"धर्माजीबाबा, त्या भांगात माजं लगीन हाय," चंदर म्हणाला.

"हलद कवा लावतात? दुपारी. सकाल मोकली असते."

"नि लग्नाच्या दिशी?"

धर्माजी विचारात पडला.

"दोन दिस तरी सोडा, बाबा," चंदर म्हणाला. "हलदीचा एक, लग्नाचा एक."

धर्माजीनं टोपी डोक्यावर नीट बसवली आणि उठला.

"बघू," तो म्हणाला.